थुंकला तो एकटाच

"रुबिना, लवकर ये. आम्ही मरतोय."

इक्बाल परकार फोनवर एरवी इतकं कमी बोलत नसे.

रुबिना मुकादमने फोन टाकला आणि ती पळाली. आखाती देशातल्या रुसैलच्या त्या पेयांच्या कारखान्यात सुरक्षा आणि दर्जा तिच्याकडे होता. आग लागली तर काय करायचं, अमोनिया गळला तर काय करायचं, हे सगळं तिच्या केबिनच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. माणसं मरत असताना त्यांनी स्वतःच फोन केला तर काय करायचं, याबद्दल भिंत गप्प होती.

चाखण्याच्या खोलीत चार माणसं होती. टेबलावर चार ग्लास.

गोदाम सांभाळणारा इक्बाल खुर्चीत मागे रेलून कलमा पुटपुटत होता. विक्रीप्रमुख धनंजय सिंकवर वाकून टिशूने जीभ पुसत होता. एसेन्सची खोली सांभाळणारा पुण्याचा रुचिर भिंतीला टेकून खाली बसला होता.

चौथा जनार्दन. पेय त्यानेच बनवलेलं. तो टेबलामागे एकटा उभा होता, आणि बाकीचे तिघे त्याच्यापासून खोलीत जेवढं लांब जाता येतं तेवढे लांब होते.

"यानं विष घातलं," धनंजय म्हणाला.

रुबिनाने आधी अँब्युलन्स बोलावली. मग ग्लास उचलून वास घेतला. सुरेख चॉकलेटचा वास.

ते चॉकलेट स्टाउट होतं. म्हणजे बार्ली काळी होईपर्यंत भाजून केलेलं, डांबरासारखं दिसणारं, वर साईसारखा फेस येणारं पेय. अल्कोहोल शून्य, इक्बालने लॅबचा रिपोर्ट स्वतः वाचल्याशिवाय ग्लासला हात लावला नव्हता. जनार्दनने त्यात खरा कोको घातला होता. आज या चाखणाऱ्या पॅनेलने पास केलं, तर अर्बाब, म्हणजे कारखान्याचा अरब मालक, त्याचा व्हिसा वाढवणार होता. नापास केलं, तर महिनाअखेरीस जनार्दन गुहागरला. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच सकाळपासून त्याला कोणी नीट ओरडलंही नव्हतं.

"काय झालं? एकेकानं सांगा."

"वास चॉकलेटचा, चव जळक्या टायरची," धनंजय म्हणाला. "मी गिळलं. चाचांनी गिळलं. रुचिरनं गिळलं. आणि हा?"

"हा काय?"

"हा थुंकला! बनवणारा एकटाच थुंकला. वर म्हणतो कसा, गोड आहे, मस्त आहे!"

रुबिनाने जनार्दनकडे पाहिलं.

"मॅडम, गोडच आहे," तो म्हणाला.

खाली बसलेला रुचिर जनार्दनकडे टक लावून बघत होता. जनार्दन आधीच मेलाय आणि हे बोलणारं त्याचं भूत आहे, असं वाटावं तसा.

तेवढ्यात धनंजयचा फोन वाजला. त्याने मघाशीच कळवल्यामुळे अर्बाब मत्रहहून निघाला होता. अर्बाबला हिंदी छान येत असे, आणि रागात तर फारच छान. त्याने दोनच वाक्यं सांगितली. कोणी बाहेर जायचं नाही. वाटेत पोलिसांना घेऊन येतो.

जनार्दनने टेबलाची कड घट्ट धरली.

"आता व्हिसा राहू दे," इक्बाल डोळे न उघडता म्हणाला. "आता जेल. तीन खून."

"चाचा, अजून एकही झालेला नाही," रुबिना म्हणाली.

"थांब की जरा. होतंय."

रुबिनाने तिघांची नाडी पाहिली. तिन्ही घोड्यासारख्या धावत होत्या, पण सरळ. उलटी नाही, पोटात कळ नाही. पण एवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. या बॅचच्या कागदावर तिची सही होती. आणि काही विषं सावकाश चढतात, हेही तिला माहीत होतं.

ती शेजारच्या लॅबमध्ये गेली आणि एकेकाला आत बोलावू लागली.

*

पहिला इक्बाल. त्याचे हात इतके थरथरत होते की तिने थर्मासमधून चहा ओतला. विषबाधेच्या माणसाला काही प्यायला देऊ नये, हे भिंतीवर होतं. पण चाचांचे हात भिंतीवर नव्हते.

"आज पॅनेलच्या आधी काय खाल्लंत?"

"कँटीनची मच्छी-करी. सगळ्यांनी तीच."

"त्यानंतर?"

"काय नाय. बडीशेप."

"चाखण्याआधी बडीशेप? चाचा, फक्त पाणी आणि फिकं बिस्किट, असा नियम आहे."

"अगो, जेवल्यावर बडीशेप खाणं म्हणजे काय खाणं आहे? ते तर जेवण बंद करणं आहे. झाकण लावणं."

"कोणाची होती?"

"धनंजयची डबी. रुचिरनं फिरवली. फार मायेनं. म्हणाला, नवीन मसाला घातलाय, चावून चावून खा." इक्बालने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय पाजतेस? साखर संपली काय कंपनीची? मरणाऱ्याला फिका चहा!"

थर्मासमध्ये करक चहा होता. डबाबंद घट्ट गोड दूध घालून रुबिनाने स्वतः केलेला.

दुसरा धनंजय. त्याने चहाला हातही लावला नाही. या इमारतीतलं द्रवरूप काहीही आता पिणार नाही, असं त्याने जाहीर केलं. ताटलीतला खजूर मात्र उचलला. खजुरात विष घालायला फार कष्ट पडतात, असं त्याचं मत होतं.

"बडीशेपेची डबी आता कुठे आहे?"

"रुचिरनं धुऊन ठेवली. संपली होती."

"कधी धुतली?"

"हा गोंधळ सुरू झाल्यावर. मी मरतोय आणि तो डबी धुतोय. एकेकाची घाबरायची पद्धत." त्याने खजूर चावला, थांबला, आणि हळूच टिशूत काढून ठेवला. "हा खजूर आहे की वाळूची पिशवी?"

तिसरा रुचिर. चेहरा पांढरा, पण पाय स्थिर.

"तुला कसं लागलं?"

"कडूजहर. अजून घसा जळतोय."

"बडीशेप खाल्लीस?"

"खाल्ली ना. सगळ्यांनी खाल्ली."

"जनार्दनभाऊंनीसुद्धा?"

"मी स्वतः दिली त्यांना. चिमूटभर, हातावर." तो जरा अडखळला. "पण बडीशेपेचा काय संबंध?"

"चहा घे."

त्याने घोट घेतला आणि कप बाजूला सारला. "मॅडम, हा चहा नाही, सिरप आहे. एवढी साखर पोटात गेली तर विष भराभर चढेल."

"बरं. जा तू."

चौथा जनार्दन. तो खुर्चीत बसलाच नाही.

"थुंकलात का?"

त्याने वळून दाराकडे पाहिलं.

"जनार्दनभाऊ, अर्बाब पोलीस घेऊन येतोय. थुंकलात का?"

"हसू नका, मॅडम."

"मी आत्ता हसू शकत नाही."

"आज संकष्टी आहे. चंद्र दिसेपर्यंत उपास. पण पॅनेल आजच. उपास आहे म्हटलं असतं तर मला बाजूला ठेवून बाकीच्यांनी ठरवलं असतं. मग सकाळी कलावतीला फोन केला."

"कोणाला?"

"बायकोला. तिला विचारलं, स्टाउट नुसतं तोंडात घेऊन थुंकलं तर उपास मोडतो का? तिनं आधी विचारलं, स्टाउट म्हणजे काय. म्हटलं, भाजलेलं धान्य आणि चॉकलेट. तिनं विचार केला. म्हणाली, धान्य गिळायचं नाही, थुंकलंत तर गणपती चालवून घेईल."

"मग मच्छी-करी?"

"शिव शिव! पॅनेल सुरू होताना आलो मी."

"आणि बडीशेप? रुचिर म्हणतो, तुमच्या हातावर दिली."

"दिली. समोरच्यानं प्रेमानं दिलेली बडीशेप नको कशी म्हणायची? घेतली." त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "इथं टाकली."

रुबिना उभीच राहिली.

"काढा."

टेबलावर चिमूटभर बडीशेप पडली. तिला हिरवट पूड चिकटली होती.

बाहेर इक्बाल मोठ्याने विचारत होता, रत्नागिरीला मयत न्यायला विमानात वेगळी जागा लागते का. धनंजय म्हणत होता, कार्गो.

रुबिनाने दार लावून घेतलं. तिला दोन गोष्टी करायच्या होत्या, आणि दोन्हींची तिला भीती वाटत होती.

तिने स्टाउटचा ग्लास उचलला. बिस्मिल्ला म्हणून तिने घोट घेतला आणि गिळला.

गोड. दाट, मऊ, गोड. मागाहून भाजल्याची हलकी कडसर चव.

मग तिने बडीशेप तोंडात टाकली आणि चावून चावून खाल्ली. थोडं थांबली. चिमूटभर साखर जिभेवर ठेवली.

वाळू.

परत ग्लास तोंडाला लावला. तेच स्टाउट, तोच ग्लास. जळका टायर. कारण कळलेलं असूनही क्षणभर वाटलं, मेले.

तिने फोन उचलला. "अर्बाब, पोलीस स्टेशनच्या दारात असाल तरी गाडीतच थांबा. फोन स्पीकरवर ठेवते. ऐका, आणि मग ठरवा."

*

तिने चौघांना टेबलाभोवती बसवलं. मधे साखरेची वाटी ठेवली.

"एकेक चिमूट जिभेवर."

"आता साखरेतही घातलं काय?" इक्बालने विचारलं, पण घेतली. "वाळू आहे ही."

"वाळू," धनंजय म्हणाला.

रुचिरने दोघांकडे पाहिलं. साखर तोंडात टाकली. "हो. मलाही वाळूच."

जनार्दन म्हणाला, "मला साखरच लागते, गोड."

"बघा! बघा!" धनंजय ओरडला.

"धनंजय, खाली बसा. कोणी मरत नाही," रुबिना म्हणाली. "स्टाउटमध्ये काही नाही. मी प्यायले. बिघडल्यात त्या तुमच्या जिभा. माझ्या अब्बांना डायबेटिस होता. श्रीवर्धनला एक वैद्य त्यांना मधुनाशिनीची पूड द्यायचा. ती जिभेला लागली की तासभर गोड कळतच नाही. बाकी सगळं कळतं, गोड तेवढं जातं. अब्बा गूळ खाऊन बघायचे आणि वाण्याला शिव्या द्यायचे. स्टाउटमधला गोडवा काढून घेतला तर उरतं काय? नुसती जळकी बार्ली. ती पूड आज बडीशेपेत होती."

"माझी डबी!" धनंजय खुर्चीतून अर्धवट उठला. "मी नाही—"

"तुम्हाला खजूर वाळूसारखा लागला, कारण तुम्ही ती खरंच खाल्लीत. चाचांना माझा करक फिका लागला, त्यांनीही खाल्ली. जनार्दनभाऊंनी खाल्ली नाही, खिशात टाकली. ते थुंकले, तेही त्याच कारणानं. आज संकष्टी."

सगळे जनार्दनकडे बघू लागले. जनार्दन साखरेच्या वाटीकडे बघू लागला.

"राहिला एक. रुचिर, तुला साखर वाळू लागली?"

"हो."

"स्टाउट कडू लागलं?"

"सांगितलं ना."

"मग मघाशी त्याच थर्मासमधला तोच चहा तुला सिरप कसा लागला?"

रुचिरने तोंड उघडलं. मग ते मिटून ओठांवरची साखर पुसली.

"ज्याची जीभ मेली, त्याला चहा गोड लागत नाही. ज्याची जिवंत आहे, त्याला हे स्टाउट कडू लागत नाही. दोन्ही एकाच तोंडात असू शकत नाही. तू बडीशेप फिरवलीस, स्वतः खाल्ली नाहीस, आणि गोंधळात डबी धुऊन टाकलीस. जनार्दनभाऊंनी खाल्ली असती, तर त्यांनाही स्वतःचं पेय कडू लागलं असतं. बॅच फसली म्हणून त्यांनीच मान खाली घातली असती. त्यांनी 'गोड आहे' म्हटलं, तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला."

"मला फक्त कडू करायचं होतं," रुचिर हळू म्हणाला. "खरा कोको पास झाला की माझा चॉकलेटचा एसेन्स कोण घेणार? नापास झालं असतं, बस. विष हा शब्द धनंजय सरांनी काढला."

"आणि तू तो चालू दिलास," रुबिना म्हणाली. "हा माणूस जेलच्या तोंडाशी उभा होता. एक वाक्य बोलला असतास तर सुटला असता. तू डबी धुतलीस."

इक्बाल उठला. सगळ्यांना वाटलं, मारतो. त्याने रुचिरसमोर उभं राहून विचारलं, "मी बायकोला फोन करून माफी मागितली. वीस वर्षांच्या भानगडींची. नावं घेऊन. ती परत कशी घेऊ आता?"



फोनमधून अर्बाबचा आवाज आला. "रुचिर गेटवर थांबेल. मी आल्यावर बोलतो. पोलिसांचं काम खलास." मग जरा थांबून, "पण पॅनेल अजून झालेलं नाही. मला निकाल पाहिजे. आजच."

अँब्युलन्स आली. सगळ्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं आहे, एवढंच सांगून गेली.

मग ते जिभा परत यायची वाट बघत बसले. जनार्दन भिंतीकडे तोंड करून उभा होता. जेल टळलं होतं, व्हिसाचं अजून ठरायचं होतं.

धनंजय एकामागून एक खजूर चाखत होता. अचानक त्याने टेबलावर थाप मारली. "आला! गोड आला!"

नवीन ग्लास भरले. धनंजय प्यायला, मोठा श्वास घेतला. "पास. डोळे मिटून पास."

इक्बालने घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला. परत घेतला. जनार्दनच्या मानेची शीर उडताना रुबिनाला दिसत होती.

"चाचा, बोला ना!"

"बोलतो गो. जरा गोडच आहे." इक्बालने ग्लास उलटा करून शेवटचा फेस जिभेवर घेतला. "मघाशी मरताना जास्त दम होता याच्यात. पण पास. अर्बाब, ऐकतोयस ना? पास."

"मब्रूक, मुबारक हो, जनार्दन," फोन म्हणाला. "उद्या पासपोर्ट घेऊन ये."

जनार्दन वळला. मग त्याने खाली वाकून इक्बालच्या पायांना हात लावला, आणि इक्बाल घाबरून खुर्चीवर चढला.