महानंदाचा अपूर्वांश

मानवजातीचं संगीत त्या वर्षी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, संपूर्ण झालं. म्हणजे माणसाला आजवर सुचलेल्या, पुढे सुचणाऱ्या आणि सुचता सुचता राहून जाणाऱ्या सगळ्या चाली यंत्रानं मोजून, वाजवून, जागच्या जागी लावून ठेवल्या. बार्शीत त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं, त्यामुळे या घटनेकडे तिथे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

गोष्ट समजायला अवघड नाही. सूर मोजके आणि मात्राही मोजक्या. मोजक्या वस्तूंच्या मांडण्या कितीही केल्या तरी त्या कधीतरी संपतातच. आकडा भयंकर मोठा होता, पण यंत्राला कंटाळा येत नाही. शब्द आणि आवाज यांचंही मग तसंच उरकण्यात आलं. या भांडाराला स्वरनिधी म्हणत, आणि डिजिटल रेडिओ रोजची गाणी तिथूनच उचलायचा. एखाद्या स्वतंत्र गायकाला आपलं गाणं रेडिओवर यावं असं वाटलंच, तर त्यानं ते वितरकाकडे द्यायचं. वितरक ते निधीशी ताडून बघायचा आणि निधीत नसलेला एखादा तुकडा सापडला तर तेवढाच रेडिओकडे धाडायचा. त्या तुकड्याला अपूर्वांश म्हणत. बहुतेकांचा अपूर्वांश शून्य यायचा. संगीतकार आधी संतापले, मग त्यांतल्या बऱ्याच जणांनी योगवर्ग काढले.

बार्शीचे शिवलिंग उपासे, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, बायकोचं गाणं घेऊन पुण्यात वितरकाकडे आले. महानंदाला जाऊन वर्ष होत आलं होतं. अंगणातल्या शेवग्यावर तिनं स्वतः गाणं रचलं होतं, चालही तिचीच. कणीक मळताना ती आधी निवेदिकेचा आवाज काढायची, "गायिका, महानंदा उपासे, बार्शी," आणि मग गायची. श्रोते दोन, उपासे आणि कुकर. रेडिओवर एकदा तरी हे नाव यावं, एवढीच तिची हौस होती. एकदा भाच्यानं गुपचूप ते गाणं फोनवर टिपून ठेवलं होतं. तिची तेवढीच एक खूण उरली होती.

"काका, बसा. तपासणी झाली," डॉ. वैदेही चांदोरकर म्हणाल्या. अपूर्वांश शोधणं हे त्यांचं शास्त्र.

"नापास?"

"चाल निधीत आहे. शब्दही आहेत."

"शेवग्यावरचे?"

"शेवग्याच्या शेंगेवरही आहेत. वेगळे."

"मग आमची बाई तीस वर्सं काय करीत हुती म्हणायची?"

डॉक्टरांनी बटण दाबलं. "अपूर्वांश सापडलाय पण. तीन सेकंदांचा."

महानंदा वरच्या सुरावर पोचली होती. तो सूर न सोडता, त्याच सुरात ती म्हणाली, "अवो, दूध बघा की." आणि पुन्हा शेवग्यावर आली.

उपासे ओशाळले. "ते काढायचं राहून गेलं ओ. भाचा काढतो म्हणला हुता."

"काका, तेवढंच नवं आहे."

"दूध?"

"माणूस ठरवून जे जे करेल ते सगळं निधीत आहे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. गाणं मोडायचं नाही आणि दूधही जाऊ द्यायचं नाही, असा सूर यंत्राला कधी सुचला नाही. त्याच्याकडे शेगडी नाही ना."

"गेलंच ते उतू."

"मग?"

"मग काय. पुसलं मी."

प्रसारणाची अट एकच होती. ध्वनिमुद्रण निधीत जमा करायचं आणि घरची प्रत पुसायची. बाहेर दुसरी प्रत राहिली की अपूर्वता भंगते, असं करारात होतं. शिवाय जमा झालेल्या तुकड्याला निधी फुटवे आणतो, हेही डॉक्टरांनी समजावलं. उसाला फुटतात तसे. तोच तुकडा थोडा हळू, थोडा गोड, थोडा झोपाळू.

उपासे बराच वेळ हातातल्या टोपीची घडी घालत आणि मोडत बसले. घरी ते रोज संध्याकाळी ते गाणं लावत. ते दिलं तर घर मुकं होणार होतं, आणि नाही दिलं तर महानंदाचं नाव कुकरपलीकडे जाणार नव्हतं.

"नाव सांगतील न्हवं तिचं?"

"सांगतील."

"मग घ्या."

प्रसारणाच्या दिवशी उपाशांनी इस्त्रीचा सदरा घातला, गल्लीला बोलावलं. "गायिका, महानंदा उपासे, बार्शी," असं रेडिओ म्हणाला. शेजारचे बिराजदार खुर्ची सरकवून नीट बसेपर्यंत कार्यक्रम संपलाही होता. "सुरुवात चांगली झाली," ते म्हणाले, आणि पुढच्याची वाट बघत राहिले.

ते तीन सेकंद लोकांना मात्र वेड्यासारखे आवडले. निधीनं लाखो फुटवे काढले. किराणा दुकानात, रिक्षात, दवाखान्याच्या बाकांपाशी महानंदा दूध बघायला सांगू लागली. कधी लाडानं, कधी दमून, कधी हसत. चहासुद्धा न पिणारी माणसं ते ऐकून डोळे पुसत. नाव सांगणं हळूहळू बंद झालं, कारण ते तीन सेकंदांपेक्षा लांब होतं.

काही महिन्यांनी उपासे परत पुण्याला आले. वाळले होते.

"मॅडम, एकदा मूळचं ऐकवा. सगळीकडनं तीच बोलतीया, पर डोक्यातली गप झालीया. आठवाया गेलं की दुकानातलीच येती."

हे नियमात बसत नव्हतं, पण डॉक्टरांनी दार लावून घेतलं. त्यांनी मूळ तुकडा काढला आणि त्याच्यापुढे काही फुटवे ठेवले. उपासे क्षणात ओळखतील याची त्यांना खात्री होती. माणसानं नुसत्या कानानं मूळ ओळखल्याचा क्षण त्यांच्या शास्त्रात कुणी नोंदला नव्हता.

पहिला वाजला. पडद्यावर त्याच्यापुढे 'मूळ' असं लिहिलं होतं, पण उपासे डोळे मिटून ऐकत होते.

"ही न्हवं," उपासे म्हणाले. "ही कोण बाई? केवढी वसकन बोलती."

दुसराही त्यांनी हातानं झटकला. तिसरा वाजला. त्यांनी टोपी तोंडावर धरली आणि तशीच धरून ठेवली.

"हीच. हीच माझी महानंदा."

तो फुटवा होता. बहुसंख्य श्रोत्यांच्या आवडीनुसार यंत्रानं त्यातला राग कमी केला होता.

"बरोबर न्हवं?"

डॉक्टरांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "बरोबर, काका."

त्यांनी तो पुन्हा लावला. मग पुन्हा. खऱ्या महानंदाला आता ओळखणारं जगात एकच कुणी उरलं होतं, आणि ते यंत्र होतं.

उपाशांनी टोपी नीट केली, पिशवी उचलली. दाराशी थांबले.

"आणखी एक हुतं, मॅडम. दुपारच्याला रेडिओवर तेवढं ते लावू नका. जरा डोळा लागलेला असतो, अन् उठून बघाया जावं लागतंय. दूध मी घेत न्हाई आता."