तिसऱ्या डब्याखालचं पीठ

सगळ्यात आधी नजरेला पडलं ते पीठ.

तीन नंबरच्या डब्याच्या काठाला, रबराच्या पट्टीत, पांढरी रेघ अडकली होती. अपेक्षाला वाटलं बुरशी असेल. तिनं नखानं खरवडली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. ज्वारीचं पीठ होतं, ताजं. ते इथं कुठून आलं, असा विचार मनात येतोय तोच कानामागून आवाज आला, "भाकऱ्या थापायच्या का?" आणि डबा तिच्या हातून सुटून चिखलात पडला.

"इम्रान! कितीदा सांगितलंय, मागून बोलत जाऊ नकोस!"

"अगं, गाडीचा हॉर्न दिला, बांधावरून खोकत आलो. आता काय बँड लावून येऊ?" इम्राननं डबा उचलून पुसला. "आटा है ये. आट्याला घाबरणारी तू पहिलीच."

अपेक्षा हसली, पण छाती धडधडत राहिली. ती तशीच होती. शहरात, गारखेड्यातल्या घरी कुकरच्या शिट्टीलाही दचकायची, आणि संशोधनासाठी नेमकी दलदल वाट्याला आली होती.

ही दलदल गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. गावातले लोक तिला लव्हाळी म्हणत. वर्षानुवर्षं लव्हाळा उगवला, पाण्यात पडला, पण पुरता कुजला नाही, कारण पाण्याखाली हवा पोचत नाही. त्याचीच काळी, स्पंजासारखी माती झाली. पुढं कधीतरी चर खणून पाणी काढलं गेलं, तशी त्या मातीत हवा शिरली, आणि इतकी वर्षं साठवलेलं सगळं वायू होऊन निघून जायला लागलं. तीन वर्षांमागं गावानं चर बुजवला आणि पाणी परत आलं. आता माती काय धरून ठेवते आणि काय सोडते, ते मोजायला ही दोघं यायची. चिखलात लोखंडी कडी रोवलेली, त्यांवर डबे पालथे घालायचे, वर नळी, नळीला मीटर. हवा आत जाणार नाही, बाहेर येणार नाही. अर्धा तास थांबायचं आणि आकडा किती चढला ते बघायचं.

तीन नंबरचा आकडा गेल्या आठवड्यापासून बिघडला होता.

"कोणीतरी मुद्दाम करतंय," अपेक्षा म्हणाली. "पीठ आंबलं की त्याचा वायू होतो. सरांना काय सांगू मी?"

"सांग, लव्हाळीला भूक लागली." इम्राननं गाडीची किल्ली फिरवली. "मी गंगापूरहून बर्फ आणतो. नमुने गरम झाले तर सगळी मेहनत वाया. आज शेवटचा दिवस आहे, येईपर्यंत डबे काढून ठेव. काही लागलं तर फोन कर."

"इथं फोन लागत नाही."

"मग हाक मार. एवढे बेडूक आहेत, एखादा ओ देईलच."

गाडीचा आवाज बांधावरून लांब गेला आणि मग उरलाच नाही. भर दुपार होती. दिवाळीआधीचं ते ऊन, पाण्यावर पडून डोळ्यांत टोचणारं. लव्हाळा एकाजागी उभा, पानही हलत नव्हतं. चिखलातून मधूनच बुडबुडा वर यायचा, फुटायचा, आणि सडक्या अंड्यांसारखा वास पसरायचा. त्याचं कारण अपेक्षाला तोंडपाठ होतं. पण एकटं असल्यावर कारणांचा फारसा उपयोग होत नाही. बेडूक गप्प झालेत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"पानी आनलंय, बाई."

ती पुन्हा दचकली. बांधावर साळूबाई उभी होती. लव्हाळीच्या कडेला तिची खोप होती. रात्री डबे तिच्याच खोपीत ठेवायचे. साठीची बाई, सुकलेली, काटक. तिच्या एका हातात तांब्या होता. दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेलं जर्मनचं ताट.

अपेक्षाची नजर त्या ताटावर गेली. फडक्याखालून पांढरं सांडलं होतं.

"मावशी... ते पीठ तुम्ही ठेवता?"

साळूबाईनं तांब्या खाली ठेवला. "व्हय."

"अहो पण का? माझं सगळं काम बिघडलं ना!"

"तुमचं काम मला काय कळतंय, माय. तुम्ही रोज भांडी पालथी घालता. मी म्हनलं, ही पोरं बी तेच बघतेत. कोन गेलं, कुठं गेलं."

अपेक्षाला क्षणभर कळलं नाही. मग एकदम कळलं, आणि एवढ्या उन्हात हातावर काटा आला. आजोबा गेले तेव्हा घरी तेच केलं होतं. ज्या जागी त्यांनी जीव सोडला तिथं पीठ पसरलं, त्यावर दुरडी पालथी घातली, शेजारी दिवा. सकाळी काकूनं दुरडी उचलली आणि सगळे वाकून बघत होते, कशाची पावलं उमटलीत. गेलेलं माणूस पुढं कशाच्या जन्माला गेलं, ते त्यावरून कळतं म्हणतात. अपेक्षा तेव्हा पडद्याआड लपली होती.

"कोण गेलंय तुमचं?"

"कौसा." साळूबाई बांधावर टेकली. "लेक माझी. सात वर्साची. अशीच दुपार व्हती. करडू लव्हाळ्यात शिरलं म्हून मागं गेली. मी हाक मारली, कौसेऽऽ, तर आतून म्हनली, करडू धरते आन् येते, माय. लई लांब नव्हती, बग. त्या तिथनं आवाज आला." तिनं बोट केलं. तीन नंबरच्या कड्याकडं. "मी पुन्ना हाक मारली. मंग नाय."

"सापडली नाही?"

"कशाची सापडतेय. मंग आमच्या मालकांनी चर खनला, कडूबांनी. सारं गाव लागलं संगं. पानी उतरलं की पोर दिसंल. पानी उतरलं. गाडीचं चाक निघालं, पंज्याच्या काळचं, लाकूड कसं कालच्यावानी. पोर नाय निघाली."

दलदल का कोरडी केली असं अपेक्षानं पहिल्याच दिवशी सरपंचांना विचारलं होतं. "ऊस लावायला," ते म्हणाले होते, आणि तिनं तसंच लिहून घेतलं होतं.

"मंग लोकांनी ऊस लावला. भुई खाली बसत गेली. उन्हाळ्यात आतल्या आत धुमसायची, जाळ नाय, नुस्ता धूर. मालक त्या धुराजवळ बसून राह्यचे. म्हनायचे, साळू, पोर चालली बग. घागरी घागरी पानी वतायचे त्याच्यावर. त्यातच गेले ते." साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी गावात सांगितलं तवा मला पटलं. तूच म्हनलीस, पानी हाय तवर भुई धरून ठिवती. पानी गेलं की समदं हवेत जातं. म्हनलीस का नाय?"

"म्हणाले," अपेक्षा हळूच बोलली. आपण बोललेलं कोणी असं घरी नेईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मंग माझी कौसा धरून ठिवलीय का हवेत गेली? तेवढंच मला कळू दे. आठ दिस झाले, पीठ कोरंच निघतंय. आन् आज तुमी डबे नेनार."

"मावशी, दुरडी ठेवता येईल की तुम्हाला..."

"दुरडी कुत्री उलथितेत. उंदीर शिरतो. तुझ्या डब्यात हवा बी शिरत नाय." साळूबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं. "म्हंजी जे उमटंल, ते खालूनच."

नाही म्हणायला हवं होतं. डबे पुसून, गोणीत भरून, बांधावर जाऊन बसायला हवं होतं. पण त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडं तरी काही मागितलं असावं, असा तिचा चेहरा होता. अपेक्षानं ताट घेतलं, चिखलावर टाकलेल्या फळीवरून चालत गेली, कड्याच्या आत, मऊ काळ्या मातीवर ते टेकवलं. पीठ तळव्यानं सारखं केलं. डबा पालथा घातला, पट्टी दाबली, नळी जोडली. मग सवयीनं मीटर चालू केलं.

दोघी फळीवर बसून राहिल्या.

आकडा आधी जागचा हलला नाही. अपेक्षानं इम्रानला फोन लावला. कसं कोण जाणे, रेंज आली, रिंग वाजत राहिली, आणि आपोआप बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गाडीवर असेल, ऐकू येत नसेल, तिनं स्वतःला समजावलं.

आणि मीटरचा आकडा चढायला लागला.

हळूहळू नाही. एकदम. असा चढलेला तिनं एकदाच पाहिला होता. पहिल्या दिवशी, मीटर चालतंय का हे बघायला इम्राननं नळीत तोंडानं फुंकर मारली होती, तेव्हा.

"मावशी," तिनं मीटरकडं बोट केलं, "डबा... उचलूया का?"

"उचल, माय."

तिनं डब्याची कड धरली. पट्टी सुटताना ओला, दमट आवाज झाला. डबा वर आला. डोळे मिटावेत असं वाटत होतं, पण साळूबाई वाकली, म्हणून तीही वाकली.

पीठ कोरं नव्हतं.

ताटभर बारीक खुणा होत्या. दुभंगलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. जोडीजोडीनं. इकडून तिकडं बागडत गेल्यासारख्या.

साळूबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिच्या तोंडून शब्द आला तो इतका मऊ, की अपेक्षा रडायच्या बेतात आली.

"करडू हाय गं. करडू हितंच हाय."

"मावशी, चला इथून... प्लीज..."

"आगं, करडू हितं हाय म्हंजी ती मागंच आसंल. आजून धरतीया." साळूबाईनं ओंजळ तोंडाशी धरली. "कौसेऽऽ!" हाक चिरकली, खोकल्यात मोडली. तिनं पुन्हा मारली. लव्हाळा ढिम्म होता. "न्हाई वळखायची. माझा आवाज म्हातारा झाला. तू मार, पोरी."

"मी?"

"तुझ्याच वयाची व्हते मी तवा. असाच आवाज व्हता माझा, बारीक." तिनं अपेक्षाचा हात धरला. तिचा तळवा पिठानं माखलेला, गार. "एकच डाव. न्हाई आली तर मी समजंन, गेली हवेत. मंग पुन्ना नाय इचारनार कुनाला. मोकळी व्हईन मी बी."

अपेक्षानं बांधाकडं बघितलं. धूळ नाही, गाडी नाही. समोर मीटर, आकडा अजून तिथंच. डबा उघडा आहे, आता आकडा उतरायला हवा होता, हे तिला दिसत होतं आणि त्याच्याकडं बघायचं नव्हतं. भर दुपारी दलदलीत कोणाच्या नावानं हाक मारू नये, एवढं तर शहरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. पण हातातला हात म्हाताऱ्या आईचा होता.

तिनं श्वास घेतला.

"कौसे..."

"मोठ्यांदी."

"कौसेऽऽऽ!"

हाक लव्हाळ्यात गेली आणि जिरली. एक बुडबुडा फुटला, मग दुसरा. आणि मग सगळंच थांबलं. साळूबाईची बोटं हळूहळू सैल पडत गेली. तिनं मान खाली घातली. संपलं, अपेक्षाला वाटलं. बिचारी. आणि तिला लाज वाटण्याइतकं हायसं वाटलं.

ती ताट उचलायला वाकली.

पिठावर, करडाच्या खुणांच्या मागोमाग, एक पाऊल उमटत होतं. आधी टाच. मग चवडा. मग एकेक बोट.

आणि तिच्या अगदी पायाशी, ओल्या मातीतून, दमलेला, आनंदलेला, बारीक आवाज आला, साळूबाईला नव्हे, तिला:

"धरलं गं, माय. आले."