नाथाजीची सळई

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. इंद्रजित माझा सख्खा मावसभाऊ. आणि हे रात्री घडलेलं नाही. उंब्रजच्या बाहेर, मार्चमधल्या रणरणत्या उन्हात, भर दुपारी घडलं.

इंद्रजितनं वडिलांची दगडी कोळशाची भट्टी मोडून विजेची बसवली. वीजही मागच्या माळावरच्या सोलरची, म्हणून भट्टी दुपारीच पेटायची. भंगार वितळवायचं, साच्यात कास्टिंग ओतायचं, धूर अजिबात नाही. परदेशातल्या एका कंपनीला असलंच, बिनकोळशाचं लोखंड हवं होतं. पहिला माल पास झाला तर कारखाना चालणार, नाहीतर कुलूप.

जुन्या भट्टीवर नाथाजी होता. उभी हयात त्यानं धुरात काढली. धुराडं उंच करा म्हणून तो मालकाच्या, म्हणजे इंद्रजितच्या वडिलांच्या, विनवण्या करायचा. त्यांनी मनावर घेतलं नाही.

खोकून खोकून गेला बिचारा.

त्याची भट्टी ढवळायची सळई तिथंच टांगलेली राहिली. दर खंडेनवमीला त्याची बायको सुलाबाई येऊन तिला हळदकुंकू लावायची. भट्टी आहे तोवर सळई भट्टीची, भट्टी मोडली की घरच्यांची, अशी त्या कामगारांची रीत.

भट्टी मोडली, तशी सुलाबाई दारात आली.

"आवं मालक, तेवढी सळई द्या. त्येंची तेवढीच खूण हाय."

इंद्रजित गडबडीत होता. उद्या बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नव्या भट्टीत पहिलं भंगार पडलं ते जुन्या भट्टीच्या पत्र्याचं. सळईही त्याच ढिगात होती. इंद्रजितनं ती ओळखली, आणि तरी स्वतःच्या हातानं आत टाकली. जुन्यातून नवं उभं राहतंय म्हणून हसत फोटोही काढून घेतला.

सळई बुडाली...

आणि कुणीतरी खोकलं.

कामगार सगळे समोर होते. आवाज मागून आला होता, जुन्या भट्टीच्या काळ्या पडलेल्या जागेवरून.

मग वास आला...

कोळशाच्या धुराचा.

माणसं एकेक करून बाहेर पडली. इंद्रजित हट्टाला पेटला. उरलेल्या दोघांना धाक दाखवून त्यानं माल ओतून घेतला. कास्टिंग वरून गुळगुळीत, देखणं निघालं.

आठवड्यानं कंपनीचा माणूस तपासायला आला. त्यानं एक नग कापला...

आत पोकळ. पोकळीत काजळी भरलेली. आणि हात लावला तर ती अजून गरम.

दुसरा कापला. तसाच. तिसराही तसाच.

"तुम्ही कोळसा वापरत नाही म्हणाला होतात," तो माणूस म्हणाला.

इंद्रजित तोंड उघडणार, तेवढ्यात अगदी कानापाशी, धापा टाकत कुणीतरी बोललं...

"ही बिनधुराची भट्टी माझ्या टायमाला न्हाई सुचली व्हय रं, पोरा?"

माल परत आला. शेडला कुलूप लागलं. कापलेला नग घेऊन इंद्रजित सुलाबाईकडे गेला, पाया पडला. तिनं तो हातातसुद्धा घेतला नाही. आता ह्येचं मी काय करू, एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आता इंद्रजित खोकतो. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं कोळशावर काम केलंत? तो एक दिवसही कोळशावर उभा राहिलेला नाही.

काल त्याचा फोन आला होता. बरं वाटतंय, म्हणत होता. तो बोलत असतानाच मला खोकला ऐकू आला...

आणि इंद्रजितचं बोलणं थांबलं नव्हतं.