सहावा पेला

पेला गेला हे आधी गाइड मुलीच्या चेहऱ्यावरून कळलं, तिच्या तोंडून नंतर. रंगमंचावरच्या सिंहासनाशेजारी एक तिपाई होती. तिपाईनंच पेला गिळला असावा अशा नजरेनं ती तिच्याकडे पाहत उभी होती.

"इथंच ठेवला होता," ती म्हणाली. "तळघराची झडप दाखवायला वळले, तेवढ्यात गेला."

बापूंनी खांद्यावरची पिशवी पोटाशी धरली. पेल्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पिशवीत सकाळीच सोडलेल्या हॉटेलचा टॉवेल होता. एवढा जाड आणि पांढरा, की त्यात गुंडाळून एखादं बाळ मोठं होऊन बाहेर यावं.

बापू म्हणजे नाटक कंपनीत चाळीस वर्षं प्रॉपर्टी सांभाळलेला माणूस. तलवारी, हुक्के, प्रेमपत्रं, लाकडी सफरचंदं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. अंक संपला की टाळ्या थांबायच्या आत वस्तू जागच्या जागी. एकदा पलंगावर खरोखरच झोप लागलेला खलनायक त्यांनी पलंगासकट आत नेऊन लावला, आणि तो पुढच्या गावी जागा झाला, असं कंपनीतले लोक अजून सांगतात. सांगणारे जरा वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

त्यांची थोरली बहीण अक्का हिचा धंदा खासगी तपासाचा. लग्नाआधी मुलाची नाहीतर मुलीची गुपचूप चौकशी करून द्यायची. तीस वर्षांत तिनं जेवढी लग्नं मोडली, तेवढी सासवांनीही मोडली नसतील. परदेशच्या सहलीला तिनं भावाला सोबत आणलं होतं आणि येता जाता त्याची टर उडवणं चालू होतं. आज सकाळी नाश्त्याला चहा संपल्यावर बापूंनी कप बशीत पालथा घातला, तेव्हाही.

"वेटरला वाटलं तुला चहा नकोच," ती म्हणाली होती.

"उताण्या कपात धूळ बसते. पालही पडते."

"एवढ्या चकचकीत हॉटेलात पाल?"

"पाल काय सांगून येते?"

आता ती तिपाईकडे पाहत होती आणि टर उडवायच्या बेतात दिसत नव्हती.

नाटकगृह गोल होतं, लाकडी, वर आभाळाला उघडं. मूळचं तीनशे वर्षांपूर्वी जळालेलं. जुनी चित्रं शोधून, लोखंडाचा एकही खिळा न वापरता, खुंट्या ठोकून ते पुन्हा उभं केलेलं. थोडक्यात, सगळं नवंकोरं, फक्त जुन्यासारखं. अस्सल असा, त्या आगीतून वाचलेला, तो पेला तेवढा. एरवी तो काचेच्या कपाटात असतो. गाइडनं हौसेनं बाहेर काढून दाखवला, त्या वेळी बापू मान वर करून दोर आणि कप्प्या बघत होते. त्यामुळे 'अस्सल पेला' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर सोन्याचं, खडे जडवलेलं काहीतरी आलं.

व्यवस्थापक धावत आला. त्यानं दारं लावून घेतली. बाहेर कुणी गेलं नव्हतं. आत होते सहलीतले चौघे, म्हणजे अक्का, बापू, हेडसर आणि त्यांची बायको; शिवाय गाइड, सुतार आणि स्टेज पुसणारी सफाईवाली.

"सगळ्यांच्या पिशव्या उघडा," तो म्हणाला. गाइडनं मान खाली घालून ते मराठीत सांगितलं. दुभाष्याचं कामही तिच्याकडेच होतं.

अक्कानं पर्समधून आपलं कार्ड काढून दिलं. त्यावर 'विवाहपूर्व चौकशी' असं लिहिलं होतं. व्यवस्थापकाला लिपी येत नव्हती, त्यामुळे त्याच्यावर चांगलीच छाप पडली.

"तुम्ही पिशव्या बघा, मी माणसं बघते," अक्का म्हणाली, आणि गाइडकडे वळली. "पेला बाहेर काढायची परवानगी असते?"

"नसते," मुलगी पुटपुटली. "लोकांना आवडतं म्हणून काढते. माझंच चुकलं."

"झडपेपाशी सगळे एकदम आले?"

"हो. हे काका तेवढे मागून आले. गुडघे दुखतात म्हणाले."

बापूंनी गुडघ्यावर हात ठेवून दुजोरा दिला.

"पेला कुणी घाईत इथंच कुठं लपवला असेल. विंगेत बघू या," अक्का म्हणाली.

विंगेत एक लांब फळी होती. रात्रीच्या खेळातल्या प्रत्येक वस्तूची जागा तिच्यावर खडूनं आखलेली. गाइडनं बोट फिरवत मोजलं. "मुकुट, चाबूक, कंदील. पेल्यांची सहा वर्तुळं, सहा पेले. एकही जागा रिकामी नाही, एकही वस्तू जास्तीची नाही."

बापूंनी मागून डोकावलं. पाच पेले उताणे, एक पालथा. निदान एक तरी नीट ठेवलाय, असं वाटून त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात पलीकडे हेडसरांची पिशवी उघडली गेली आणि बापूंचे कान, डोळे, प्राण सगळे तिकडे गेले. अकरा साबण निघाले. मग जॅमच्या नऊ कुप्या. मग दोन चमचे. पस्तीस वर्षं मुलांना मूल्यशिक्षण दिलेला माणूस दोन चमच्यांसमोर उभा होता.

"आठवण म्हणून," हेडसर म्हणाले. त्यांची बायको छताकडे पाहू लागली. छत नव्हतंच, त्यामुळे आभाळाकडे.

इकडे अक्का गाइडमार्फत सुताराशी बोलत होती. "तुम्ही सकाळपासून काय करत होता?"

"एका पेल्याचा कान तुटलाय." सुतारानं मागच्या टेबलावरचा लाकडी पेला दाखवला. "सरस लावून सकाळीच शिकंज्यात धरलाय. उद्यापर्यंत हलवायचा नाही."

"खेळासाठी असे किती केलेत?"

"सहाच. अस्सल समोर ठेवून कोरलेत. शेजारी ठेवले तर मलाही आत डोकावून तळ बघावा लागतो."

बापूंनी यातलं अक्षर ऐकलं नाही. कारण व्यवस्थापक आता त्यांच्यासमोर येऊन उभा होता.

"तुमची पिशवी."

बापूंच्या डोक्यात टॉवेल उलगडला. एका कोपऱ्यात हॉटेलचं नाव निळ्या दोऱ्यानं विणलं होतं. हेडसर बघतील, बसमध्ये सांगतील, आणि अक्का तर मरेपर्यंत सोडणार नाही.

"माझी कशाला बघता?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मी पाहिलंय. त्या बाईंनी काहीतरी बादलीत टाकलं."

सफाईवाली बादलीवर वाकली होती, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

व्यवस्थापक गर्रकन वळला. बादली रिकामी होती. दारं लागायच्या आधी मागच्या अंगणात जाऊन बाईंनी ती ओतली होती, आणि अंगणाच्या फाटकाबाहेर रस्ता. त्यानं काय विचारलं ते गाइडनं सांगायची गरज पडली नाही. बाईंनी दोन्ही हात उघडून दाखवले. मग त्यानं तिच्या कमरेच्या एप्रनकडे बोट केलं.

"ही तीन आठवड्यांपूर्वीच कामाला लागलीय," गाइड हळूच म्हणाली. "एप्रन काढून ठेव म्हणाले. पेला मिळाला नाही तर पोलीस, आणि मिळाला तरी नोकरी गेली."

एप्रनची गाठ ओली होती, सुटत नव्हती. ती दोन्ही हात मागे नेऊन ओढत राहिली. कुणी मदतीला गेलं नाही. बापू पिशवीचा पट्टा सारखा करत राहिले. तो आधीच सारखा होता.

अक्कानं त्यांना खांबाआड नेलं.

"बापू, तू नक्की पाहिलंस?"

"पाहिलं म्हणतो ना."

"काय टाकलं?"

"काहीतरी."

"तिची नोकरी जातेय. एकदाच विचारते, नीट आठवून सांग."

"तू माझी बहीण आहेस की तिची वकील?"

अक्कानं त्यांच्या पोटाशी धरलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. चौकशीत एखाद्या मुलाचं बिंग फुटलं की आईबापांना सांगण्याआधी तिचा जसा चेहरा व्हायचा, तसा आता झाला होता. बापूंनी तो ओळखला, पण कशासाठी ते त्यांना कळलं नाही.

तिनं सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही," ती म्हणाली. "सुतारांनी खेळासाठी सहा पेले केले. त्यातला एक सकाळपासून शिकंज्यात आहे. म्हणजे फळीवर किती हवेत?"

"पाच," हेडसर म्हणाले. हिशेब सुटल्यानं त्यांना जरा उभारी आली.

"आणि गाइडनं मोजले सहा. वर्तुळं भरलेली दिसली म्हणून कुणी पुढं विचारच केला नाही. रिकामी जागा शोधताना भरलेल्या जागेकडे कोण बघतं?"

गाइड पळतच विंगेत गेली.

"पालथा आहे तो उचल," अक्का म्हणाली. "आतला तळ बघ."

गाइडनं पेला उताणा करून आत पाहिलं. तळाशी जळल्याची काळी कड होती. ती तिथंच फळीला टेकून रडायला लागली.

"पण तिथं ठेवला कुणी?" व्यवस्थापकानं विचारलं.

"चोरानं नाही. चोर एवढी नीट जागा बघत नाही. प्रवेश संपल्यावर स्टेजवर वस्तू राहिली तर जिवाला चैन पडत नाही, विंगेतलं रिकामं वर्तुळ ज्याला लांबून दिसतं, अशा माणसाचं हे काम. इथले लोक पेले उताणे ठेवतात. हा पालथा घालणारा आहे. सगळे झडपेत वाकले होते, तेव्हा तो एकटाच मागं होता. आणि आपण काय केलं हे त्याला अजूनही माहीत नाही. चप्पल सरळ केलेली कुणाच्या लक्षात राहते?"

बापू आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. तिपाईवर काहीतरी लाकडी, कुणीतरी विसरलेलं. हाताला त्याचं वजन आठवलं. डोक्याला काहीच आठवत नव्हतं.

"मी?" ते म्हणाले.

"तूच."

हेडसर हसले. त्यांची बायकोही हसली. व्यवस्थापकानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि सुतारानं तर बापूंच्या पाठीवर थाप मारली, धंद्यातला माणूस म्हणून. क्षणभर असं वाटलं की हे सगळं एक गमतीची गोष्ट होऊन संपणार, बसमध्ये चार वेळा सांगायची.

मग व्यवस्थापकालाच आठवलं. "पण या गृहस्थांनी बाईंना बादलीत काहीतरी टाकताना पाहिलं होतं. ते काय होतं?"

गाइडनं प्रश्न मराठीत सांगितला. सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं.

"ते मला सांगता येणार नाही," अक्का म्हणाली. "त्यालाच विचारा."

तिला सांगता येत होतं. बापूंना ते कळलं, आणि आपल्या बहिणीनं आपल्यासाठी एवढीच जागा मोकळी ठेवली आहे हेही कळलं.

त्यांनी पिशवी उघडली. टॉवेल एकदम निघेना, ओढत ओढत निघाला, निघतच राहिला. निळ्या अक्षरांचा कोपरा वर आला. हेडसर आता हसत नव्हते.

"हा दिसू नये म्हणून बोललो," बापू म्हणाले. आवाज जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत गेला असता. "त्यांनी काही टाकलं नव्हतं. माफी मागतो म्हणून सांग."

गाइडनं सांगितलं. सफाईवालीनं ऐकून घेतलं, टॉवेलकडे ओझरतं पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"तुम्ही खरं काय पाहिलं होतं, विचारतायत," गाइड म्हणाली.

"त्या फडकं पिळत होत्या."

तिनं मान हलवली आणि दोन शब्द बोलून ती एप्रन उचलायला वाकली. ते गाइडनं मराठीत सांगितलं नाही.

"काय म्हणाल्या?" बापूंनी विचारलं.

"नको काका."

"सांग."

"तेव्हा तेवढंच सांगायचं होतं तुम्ही, म्हणाल्या."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. हेडसर आणि त्यांची बायको निघाले. अक्का पायऱ्यांपाशी थांबली. सफाईवालीनं एप्रन बांधला, बादली भरून आणली आणि स्टेजच्या अर्ध्या राहिलेल्या भागापासून पुन्हा पुसायला लागली. पुसत पुसत ती बापूंपर्यंत आली आणि थांबली. ते बाजूला होण्याची वाट पाहत फडकं हातात धरून उभी राहिली.

बापू बाजूला झाले.