उंदीर उतरेपर्यंत

तंबूची दोरी आल्सूच्या हातातून निसटली आणि सपकन एका अनोळखी माणसाच्या छातीवर जाऊन बसली. त्यानं ती पकडली, खुंटीला दोन वेढे दिले आणि हसून विचारलं, "काय बाई, उडून जायचा बेत होता की काय?"

"उडालेत ते माझे उंदीर!" ती फणकारली. "आज उतरायचे होते. तुमच्या या वाऱ्यामुळे उद्यावर गेलं."

"वारा माझा नाही हो, या ओरेनबुर्गच्या माळाचा आहे. मी साधा ड्रायव्हर. सावेली."

महिन्यापूर्वी चाळीस उंदीर यानातून अंतराळात गेले होते. मॉस्कोच्या संस्थेत आल्सू रोज त्यांचं चित्रण बघत बसायची. यान या गवताळ माळावर उतरणार, ती तंबूत त्यांची पहिली तपासणी करणार आणि लगेच हेलिकॉप्टरनं परतणार, असं ठरलेलं. पण आता अख्खा दिवस मोकळा... आणि जीव थाऱ्यावर नाही.

सावेली ट्रकमधून चहा घेऊन आला. "वर काय करतात हो ते? तरंगतात?"

"पहिले दोन दिवस घाबरून जाळीला चिकटून होते. मग शिकले. मागच्या पायांनी जाळी धरायची, शेपटीचा आधार घ्यायचा आणि पुढच्या पायांत दाणा घेऊन निवांत खायचं. पण दहाव्या दिवसापासून तरुण उंदीर पळायलाच लागले—पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल गोल. थांबेचनात!"

"का पण?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. आमच्या पथकप्रमुख बाई म्हणतात बेचैनी, मी म्हणते मजा."

"बेचैनीच असणार," तो गंभीरपणे म्हणाला. "सकाळपासून तंबूभोवती तुमच्या चौदा फेऱ्या झाल्यात."

"मोजत होतात?"

"दुसरं काय बघू? गवत?"

तिनं कप तोंडाशी नेला. चहा संपला होता, तरी तिनं तो तसाच धरून ठेवला...

दुपारी तो यान उतरेल तिथवरचा रस्ता बघायला निघाला, तेव्हा ती न विचारताच शेजारी चढून बसली. ओढ्याला वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं. चाकं रुतली, गाडी कलंडली, आल्सूनं त्याची बाही घट्ट धरली. गाडी पलीकडे गेली, तरी बाही सुटली नाही.

"आठ वर्षं झाली या कामाला," समोर बघतच तो म्हणाला. "यान उतरतं. माणसं हसतात, रडतात, गळ्यात पडतात. मग हेलिकॉप्टर उडतं, आणि मी चाकांनी पडलेले खड्डे बघत बसतो. कधी काही वाटलं नाही. पण उद्या..."

"उद्या काय?"

"उद्याही वारा सुटला तर बरं."

"असं म्हणू नका! ते दमलेत हो," ती कळवळून म्हणाली. मग हळूच, "माझ्याही मनात आलं होतं तसं. मेली मी, इतकी वाईट आहे!"

दुसऱ्या दिवशी वारा पडला. निळ्या आभाळात यानाची हवाई छत्री उमलली, आणि सावेलीनं ओढ्यातून असा काही ट्रक हाणला की पथकप्रमुख लारिसा पाव्लोव्ना देवाचं नाव घेऊ लागल्या.

तंबूत आल्सूनं पहिला उंदीर टेबलावर ठेवला. त्याचं पोट खाली टेकलं, पाय फाकले. एक पाऊल टाकलं, डुलला, पुन्हा बसला. स्वतःचं वजन त्याला नव्यानं पेलायचं होतं. "सावकाश, राजा, सावकाश..." ती पुटपुटत राहिली. चाळिसावा उंदीर पिंजऱ्यात गेला, तेव्हा कुठे तिनं मान वर केली. दारात सावेली उभा होता. पाठीमागे हेलिकॉप्टरची पाती फिरू लागली होती.

"आल्सू, चल गं!" लारिसा पाव्लोव्नांनी हाक मारली.

ती पिंजरा घेऊन धावली. तो बरोबर धावला, पिंजरा वर दिला, आणि पात्यांच्या आवाजात ओरडला, "मी मॉस्कोला येऊ? रविवारी?"

"नको!"

त्याचा चेहरा उतरला. ती दारातून अर्धी बाहेर वाकली, केस तोंडावर उडत होते.

"शुक्रवारीच ये, वेड्या! रविवारपर्यंत मला दम धरवणार नाही!"