कुठली प्रत ठेवायची

माझं काम साधं होतं. जुनी लाइन बंद करायची, राखणदाराची सही घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं.

ती इमारत गावाबाहेर होती. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदींची प्रत तिथे ठेवत. तिकडे कुणी नोंद लिहिली, की लाइनीवरून डोळ्याचं पातं लवायच्या आत ती इथेही उमटायची. तिकडे आग लागली, पाणी शिरलं, तरी इथे सगळं शाबूत. आता ते काम दुसरीकडे गेलं होतं आणि इथली यंत्रांची कपाटं भंगारात निघणार होती.

दुपार होती, पण हॉलला खिडकी म्हणून नव्हती. गार हवा, तापलेल्या प्लास्टिकचा वास आणि काळ्या कपाटांच्या रांगा. वेळ दवडणं माझ्या स्वभावात नाही. शेवटच्या कपाटामागची वायर उपसली, हिरवा दिवा विझला, हॉलमधले दिवे मालवले आणि मग राखणदाराला शोधायला निघालो.

तो मागच्या खोलीत राहायचा. निवृत्तीला टेकलेला माणूस, यंत्रंही तोच सांभाळायचा, सगळे त्याला काका म्हणत. त्याने स्टूल पुढे केलं, चहा ओतला. कुठूनतरी शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

"आई आहे," आतल्या दाराकडे बघत काका म्हणाला. "जुने कपडे उसवते, पुन्हा शिवते. तेवढाच वेळ जातो तिचा."

मी कागद पुढे सरकवला. त्याने हातही लावला नाही.

"आधी ऐकून घ्या. मग वायर काढायची की नाही ते ठरवा."

काढून झालीये, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अशा माणसांना बोलू दिल्याशिवाय सही मिळत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. मी चहाचा घोट घेतला.

"आई त्याच इस्पितळात होती," तो सांगू लागला. "जवळ धाकटी बहीण. मला रजा मिळेना. मग तिच्या नोंदी इथे आल्या की वाचत बसायचो. ताप किती, नाडी कशी, दोन घास खाल्ले का. तेवढाच धीर. एका दुपारी कुणीतरी रस्ता खणताना लाइन तोडली."

"मग?"

"इथल्या यंत्रांना वाटलं, तिकडचं सगळं संपलं. तिकडच्यांना वाटलं, आम्ही गेलो. दोन्हीकडची यंत्रं स्वतःलाच खरी समजून लिहीत बसली. लाइन जोडली तेव्हा प्रती जुळेनात. अशा वेळी एकच ठेवायची असते, साहेब. दुसरी पुसायची."

ते ठरवायला फोनवर तिकडची यंत्रं सांभाळणारा त्याचा जुना सोबती होता, कप्तान म्हणायचे त्याला. आमची मुख्य, आमचीच ठेव, कप्तान म्हणाला. काकाने सहज आपल्या प्रतीतली आईची नोंद उघडली. नाडी ठीक, दूध घेतलं. तुझ्याकडे काय आहे बघ, असं त्याने कप्तानला सांगितलं.

"त्याने बघितलं आणि म्हणाला, अरे... तुझी आई दुपारीच गेली."

खडखड चालूच होती. मी दाराकडे बघितलं.

"मी आमची प्रत ठेवली," काका म्हणाला. "कप्तान नको नको म्हणेपर्यंत तिकडची पुसूनही झाली. लगेच बहिणीचा फोन. आई उठून बसलीये, केस विंचरून दे म्हणतेय. दुसऱ्या दिवशी कप्तानला विचारलं, तर त्याला काही आठवेना. पुसलेल्या प्रतीत आणखी कोण बरं झालं होतं, ते मी बघितलं नाही. छातीच झाली नाही."

"नोंदीत चूक झाली असेल, काका."

"मीही मनाला तेच समजावलं. तिला इथे आणलं. मग एकदा जेवताना लाइन गेली... घास हातातच राहिला तिच्या. डोळे उघडे, श्वास नाही. लाइन आली तशी तिने घास तोंडात घातला आणि म्हणाली, मीठ कमी पडलंय." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून जपतोय लाइनीला. पाया पडतो तुमच्या, ती काढू नका..."

मी कप खाली ठेवला. मग एकदम हायसं वाटलं. आत मशीन चालू होतं की! बिचाऱ्याचं डोकं फिरलंय, कुणीतरी भ्रम दूर करायला हवा.

"काका, वायर मी आल्या आल्याच काढली. ऐका ना... आई शिवतायत."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने थोडा वेळ कानोसा घेतला. मग उठून दार ढकललं.

आई मशीनसमोर बसली होती. पाय पॅडलवर, हात कापडावर, काही सांगायला वळावं तशी मान वळलेली. पापणी लवत नव्हती. मशीनचं चाकही थांबलेलं होतं.

खडखड आमच्या पाठीमागून येत होती. अंधाऱ्या हॉलमधून.

"मी... मी जोडतो वायर," मी म्हणालो, पण पाऊल उचलेना.

खडखड थांबली. हॉलच्या टोकाकडून एक दमलेला बायकी आवाज आला.

"छकुल्या... दोरा संपला रे."

काका लहान मुलासारखा रडवेला झाला. त्याने खुर्चीतल्या आईकडे बघितलं, मग हॉलकडे.

"ही तिकडच्या प्रतीतली... हिला तर मी पुसलं होतं," तो पुटपुटला, आणि अनवाणीच अंधारात शिरला.

मी दोनदा हाक मारली. खोलीत मी आणि ती न हलणारी बाई, दोघंच उरलो. तेव्हा माझं लक्ष तिच्या मशीनवरच्या रिळाकडे गेलं. चाक थांबलेलं होतं, पण रीळ हळूहळू फिरत होतं. पांढरा दोरा टेबलावरून खाली उतरून, माझ्या दोन बुटांमधून, दाराबाहेर हॉलकडे ओढला जात होता.

मग हॉलमधली खडखड पुन्हा सुरू झाली.