पांढऱ्या फडक्यातल्या चाली

भिंगारच्या जुन्या बाजारात, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत स्नेहल पाडळे हिचं ऑफिस होतं. पाटीवर ‘खासगी तपास’ असं ठळक लिहिलेलं होतं. तरी येणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलीला आलेलं स्थळ कसं आहे, एवढंच विचारायला यायचे. ऑफिसातली दुसरी खुर्ची तिच्या मामांची. गोरक्षनाथमामा लष्कराच्या डेपोतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आपल्यावाचून भाचीचं पान हलत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. स्नेहलने ती कधी मोडली नाही, कारण गाडी मामांची होती.

गुरुवारी सकाळी दारात एक सत्तरीची बाई उभी राहिली. पांढरी स्वच्छ साडी, हातात कापडी पिशवी.

“सलाम, बाई,” ती म्हणाली. “मी रतनबाई मकासरे, देवळाली प्रवरेची. आमच्या चर्चमधली वही मी चोरली, असं समदी म्हनत्यात. मी न्हाई चोरली.”

मामांनी घाईघाईने आपली टिपणवही उघडली आणि तारीख घातली. त्यांना एवढं नेहमी जमायचं.

स्नेहलने तिला खुर्ची दिली. “कसली वही, मावशी?”

“चालींची. स्तोत्रं गातो न्हवं आमी, त्यांच्या चाली. अजिनाथ पारखे मास्तरांनी लिवलेली हाय, सत्तर वर्सांमागं. आमच्या चर्चला शंभर वर्सं झाली म्हनून त्या चालींचं पुस्तक छापत्यात. मास्तरांचा नातू कल्याण, तो आमच्या गायकांचा पुढारी. त्यानं समद्या चालींवर आज्याचं नाव घातलं. मी म्हनलं, बाबा, ह्या चाली माज्या आयच्या हायेत, भीमाबाईच्या. तो म्हनला, पुरावा दाखव.”

“आहे पुरावा?”

“कुठला? आयला लिवता येत न्हवतं. मला पन न्हाई.” रतनबाईने पदराने डोळे टिपले. “आमी मूळचे पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की आय-बा कोयता घेऊन देवळालीला ऊसतोडीला यायचे, होळीला माघारी. माजा जन्म चोपन सालच्या नाताळातला, तेवढाच एक हंगाम आय आली न्हवती. पुढं मला देवळालीतच दिली. आय गेली, पर तिच्या चाली मी साठ वर्सं गातीय त्या चर्चमधी. आता म्हनत्यात, वही सापडंस्तवर गायकांत बसू नको.”

“पण संशय तुमच्यावरच का?”

“काल कपाट उघडलं तर वहीच्या जागी माजे पापड निघाले.”

मामांचं पेन थांबलं. “पापड?”

“उडदाचे. दर पापडाच्या कडंला आंगठ्याचा ठसा हाय. आयची खून, मी पन तशीच करते. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच. एक कल्याणकडं, एक माज्याकडं, मी फुलं ठेवते म्हनून.”

“पापड चर्चमध्ये गेले कसे?”

“रविवारी कापनीचा सन हुता की. ज्याच्या त्याच्या शेतातलं, हातचं काहीतरी टेबलावर ठिवायचं. पाळकसाहेब प्रार्थना करत्यात, मग भायेर त्याचा लिलाव. टेबलाचं पांढरं कापड मीच शिवते. उरलेल्या तुकड्यात पापड बांधले. वहीला पन त्याच कापडाचं फडकं मीच दिलं हुतं मागं.”

“पुस्तक छापायला कधी जाणार?”

“शनिवारी. एकदा छापलं की माज्या आयचं नाव कायमचं बुडालं, बाई.”

तासाभरात मामांची जुनी मारुती राहुरीच्या रस्त्याला लागली. मागच्या सीटवर रतनबाईला झोप लागली होती.

“म्हातारीनंच नेलीय,” मामा हळूच म्हणाले. “किल्ली तिची, पापड तिचे, राग तिचा. आणखी काय पाहिजे?”

“मामा, चोरी करून स्वतःच्या अंगठ्याचा ठसा जागेवर ठेवून जाणारा चोर तुम्ही बघितलाय का?”

मामांनी गिअर बदलला. बोलायचं नसलं की ते गिअर बदलायचे.

चर्च लहानसंच होतं, उसाच्या शेताला लागून. रतनबाई दाराबाहेर कट्ट्यावर बसली. आत यायला तिने साफ नकार दिला. कल्याण पारखे पेटीपाशी होता. शाळेत संगीत शिक्षक, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट. बोलण्यात राग होता, पण त्यापेक्षा काळजी जास्त होती.

“मॅडम, वही मी माझ्या हाताने कपाटात ठेवली,” तो म्हणाला. “छापायला जाण्याआधी तिच्यावर प्रार्थना व्हावी म्हणून रविवारी ती टेबलावर ठेवली होती. प्रार्थना संपली, लोक एकेक वस्तू बाहेर न्यायला लागले. त्या गर्दीत मी गाठोडं उचललं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि लिलावाला गेलो. काल छापखान्याचा माणूस आला, तेव्हा कपाट उघडलं.”

“वहीची दुसरी प्रत नाही?”

“थोड्या पानांचे फोटो आहेत.” त्याने मोबाईल पुढे केला.

सुबक अक्षरात सा रे ग म लिहिलेलं. वर चालीचा क्रमांक, खाली तारीख. काही सुरांवरून वाकड्या रेघा गेलेल्या. स्नेहल एकेक फोटो सरकवत गेली.

“डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पुन्हा जानेवारी. सगळ्या चाली हिवाळ्यातल्याच?”

“आख्खी वही तशीच आहे. आजोबांना थंडीतच सुचायचं,” कल्याण कौतुकाने म्हणाला. “कलावंताचं मन असतं एकेक.”

“इथे चोपन्नच्या फेब्रुवारीनंतर एकदम पंचावन्नचा डिसेंबर आलाय.”

“मधल्या हिवाळ्यात एकही चाल नाही. आजारी असतील.”

“या वाकड्या रेघा कसल्या?”

“मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं. आम्ही सोडून देतो त्या. पेटीवर मींड निघत नाही, पट्टी दाबली की तो एकच सूर वाजतो.”

“मास्तर स्वतः गात असतील?”

“छे! लहानपणी घटसर्प झाला होता, आवाज कायमचा गेला. बोलणंसुद्धा घोगरं. त्यांना गाताना गावात कुणी ऐकलं नाही. जे काही सुचायचं ते या पेटीवर.”

मामांनी ‘घटसर्प’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. का ओढल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लिलाव पुकारणारा बजरंग दिवे मागच्या आवारात खुर्च्या रचत होता. दांडगा गडी, आवाज त्याहून दांडगा.

“रतनमावशीचं गाठोडं व्हय? पुकारलं की मी,” तो म्हणाला. “कल्याण सरांनीच घेतलं. दर साली तेच घेत्यात. त्यांच्या आज्यापासनं रीत हाय ती. भीमाबाईचं गाठोडं दुसऱ्या कुनाच्या घरी जाऊ द्यायचं न्हाई. माजा बाप सांगायचा, कुनी बोली वाढवली की मास्तर नुस्तं चष्मा काढून त्याच्याकडं बघायचे.”

“यंदाही तसंच झालं?”

“तसंच. यंदा जरा जड लागलं हातात. म्हनलं, मावशीनं उडीद सढळ घातलाय.” तो मोठ्याने हसला आणि मग एकदम गंभीर झाला. “मावशीनं चोरी केली आसंल, आसं मला न्हाई वाटत, बाई. पर बोलनार कोन?”

चर्चला लागूनच कल्याणचं घर होतं. त्याच्या बायकोने, मोनिकाने, दोघांना चहा दिला आणि ओशाळून म्हणाली, “एरवी पापड तळले असते. पण ह्यांनी कालपासून रतनमावशीच्या हातचं काही या घरात तळायचं नाही, असं बजावलंय. मला तर कसंतरीच होतंय. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मावशीच होत्या.”

स्नेहलने चहाचा कप खाली ठेवला. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला होता.

“मामा, सगळ्यांना चर्चमध्ये बोलवा. पाळकसाहेबांनाही.”

“चोर सापडला?” मामा कुजबुजले. “बजरंगच ना? मला आधीपासूनच—”

“आधी बोलवा तर.”

पाच वाजता सगळे जमले. वयस्कर पाळकसाहेब पहिल्या बाकावर बसले, कल्याण हाताची घडी घालून पेटीशी उभा राहिला, मोनिका आणि बजरंग भिंतीला टेकले. रतनबाई अजून दारातच होती. तिला उंबरा ओलांडवेना.

“वहीची चोरी झालेलीच नाही,” स्नेहल म्हणाली.

“मग वही गेली कुठे?” कल्याण म्हणाला.

“सांगते. काल कपाटात रतनबाईंचे पापड निघाले. त्यावरून तुम्ही सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, की पापड तिथे कुणी ठेवले. दुसरा प्रश्न कुणीच विचारला नाही.” ती बजरंगकडे वळली. “बजरंगभाऊ, रतनबाईंचे पापड जर कपाटात होते, तर रविवारी तुम्ही त्यांचे पापड म्हणून जे पुकारलं, ते काय होतं?”

“गाठोडंच पुकारलं की, बाई. सोडून कोन बघतंय?” बजरंग म्हणाला.

“टेबलावर एकाच कापडातली दोन गाठोडी होती,” स्नेहल पुढे म्हणाली. “एकात वही, एकात पापडांची चळत. गर्दीत कल्याण सरांनी हाताला लागलं ते उचललं आणि कुलपात ठेवलं. आपण आपलीच वस्तू उचलतोय म्हटल्यावर गाठ कोण सोडून बघतं? दुसरं गाठोडं लिलावात गेलं. ते हातात जड लागलं, पण दोष उडदावर गेला. आणि ते विकत घेतलं—”

तिला वाक्य पुरं करावं लागलं नाही. मोनिका केव्हाच घराकडे पळाली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरं गाठोडं होतं, गाठ न सोडलेलं.

“फडताळातच होतं,” ती धापा टाकत म्हणाली. “नाताळसाठी ठेवलं होतं. त्यातले चार कालच तळणार होते, तर हे ओरडले.”

कल्याणने गाठ सोडली. आत जाड, चौकोनी, पिवळ्या पानांची वही होती. त्याचे कान लाल झाले. घरातल्या वहीसाठी त्याने एका म्हाताऱ्या बाईला गावभर चोर ठरवलं होतं आणि कालच पापड तळू दिले असते, तर हे सगळं कालच मिटलं असतं.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “देवा, सुटलो!” ते म्हणाले.

कल्याण दाराशी गेला आणि वाकला. “मावशी, माझं चुकलं. मला माफ कर.”

“वही घावली ना बाबा, बास,” रतनबाई म्हणाली. पण तिची नजर त्या वहीवरच होती. स्नेहलने ते पाहिलं.

“अजून संपलेलं नाही,” ती म्हणाली. “चाली कुणाच्या, ते राहिलंय.”

“वहीत भीमाबाईचं नाव कुठेच नाही, मॅडम,” कल्याण आता नरमाईने म्हणाला. “मी पान अन् पान पाहिलंय.”

“नाव नाही, पण तारखा आहेत. मास्तर बारा महिने या गावात राहायचे, पेटी बारा महिने इथेच. मग चाली दिवाळी ते होळी एवढ्याच काळातल्या का? कारण भीमाबाई तेवढ्याच काळात इथे असायच्या, ऊसतोडीच्या हंगामात. एकाच हिवाळ्यात चाल नाही, चोपन्न-पंचावन्नच्या. मास्तर आजारी नव्हते. रतनबाई जन्मल्या होत्या आणि त्यांची आई त्या हंगामाला आलीच नव्हती.”

कल्याणने भराभर पानं उलटली. ती पानं त्याला पाठ होती, तरी आज तो ती पहिल्यांदा बघत होता.

“आता त्या रेघा. पेटीवर मींड निघत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मास्तरांना गाता येत नव्हतं, हेही तुम्हीच सांगितलंत. जो माणूस स्वतः गात नाही आणि पेटीवरच चाल बांधतो, तो पेटीवर न वाजणारी गोष्ट लिहील कशाला? कारण तो समोर गाणाऱ्या बाईचं ऐकून लिहीत होता.”

“मग त्यांनी तिचं नाव का लिहिलं नाही?” कल्याणने विचारलं. “माझे आजोबा कुणाचं काही लाटणारे नव्हते.”

“नव्हतेच. ही वही छापायची म्हणून लिहिलेली नाही, विसरू नये म्हणून लिहिलीय. चाल कुणाची हे ते विसरणार नव्हते. दर वर्षी भर लिलावात ते भीमाबाईंचं गाठोडं दुसऱ्याला जाऊ देत नव्हते. तो त्यांनी भीमाबाईंना दिलेला मान होता, सर. तुम्ही रीत सांभाळलीत, कशासाठी ती होती ते मात्र घरात कुणी सांगितलं नाही.”

कल्याणने पेटीचं झाकण लावलं आणि वही उघडून हातात धरली.

“मावशी, आत ये. सातवी चाल म्हण. मी नुसतं वहीत बघतो.”

रतनबाई उंबरा ओलांडून आत आली. साडी सावरून तिने गायला सुरुवात केली. आवाज थकलेला होता, पण सूर पक्का. कल्याणचं बोट ओळीवरून सरकत होतं. जिथे जिथे वाकडी रेघ होती तिथे तिथे तिचा सूर तस्साच वळत, घसरत पुढच्या सुराला जाऊन मिळत होता, एकही चुकला नाही. दुसऱ्या कडव्याला कल्याणला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

गाणं संपल्यावर त्याने पुस्तकाच्या पहिल्या पानाचा कच्चा खर्डा आणला. आजोबांच्या नावाआधी ‘लेखन’ असा शब्द घातला आणि वरच्या ओळीत पेन टेकवलं.

“आईचं पूर्ण नाव सांग, मावशी.”

“भीमाबाई यशवंत घोरपडे. घाटशिरसची.”

त्याने ठळक अक्षरात लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. रतनबाईला वाचता येत नव्हतं. “ह्यातलं आयचं नाव कंचं?” तिने विचारलं. कल्याणने दाखवलं.

तोवर मोनिकाने कपाटातले पापड तळून आणले होते. मामांनी पहिला उचलला आणि पुरावा तपासावा तसा कडेचा ठसा निरखून पाहिला.

“मी गाडीतच म्हणालो होतो, ही बाई निर्दोष आहे,” ते म्हणाले. स्नेहलने हसून दुसरा पापड उचलला.

रतनबाईचं पापडांकडे लक्ष नव्हतं. तिने आपला अंगठा त्या नावाशेजारी, कागदाच्या कडेला अलगद दाबून धरला होता.